सूक्ष्मनियंत्रकाचे आज्ञालेखन व दोषस्थानाचा प्रश्न

स्वतः आखून करविलेल्या एखाद्या बोर्डावर सूक्ष्मनियंत्रक, म्हणजे व्यवहारात ज्यास मायक्रोकंट्रोलर म्हणतात ती चिप, बसविलेली असते. संगणकास जोडलेले प्रोग्रॅमर यंत्र तिच्याशी संवाद साधू पाहते, आणि पडद्यावर उत्तर उमटते की चिपची ओळख पटत नाही. ओळखीच्या तीन अक्षरांच्या जागी तीन शून्ये आली आहेत. ह्या उत्तराचा अर्थ काय करावयाचा? चिप निकामी झाली असेल, तिला वीजच पोहोचत नसेल, एखादा सांधा निसटला असेल, दोन तारांची अदलाबदल झाली असेल, अथवा सर्व काही यथास्थित असून यंत्र केवळ फार घाईने बोलत असेल. पाचही प्रसंगी उत्तर तेच. दोष आहे एवढे ते सांगते. तो कोठे आहे हे सांगत नाही.

ह्या संदिग्धतेस इतिहास आहे. सूक्ष्मनियंत्रकांचा वृत्तान्त बहुधा स्मृतीची वाढ, गती आणि घटती किंमत ह्या तीन अंगांनी लिहिला जातो. दोष शोधण्याच्या रीतींकडे त्यात फारसे लक्ष दिलेले आढळत नाही. ती बाजू तपासली असता असे दिसते की, आज्ञावली चिपमध्ये उतरविण्याची क्रिया जसजशी सुलभ होत गेली, तसतसे दोषाचे स्थान निश्चित करणे त्याच प्रमाणात सुलभ झाले नाही. एका विशिष्ट अर्थाने ते अवघडच झाले. लिहिणारे यंत्र, चिप आणि बोर्ड ह्या तीन गोष्टी आरंभी परस्परांपासून अलग होत्या. पुढे त्या क्रमाक्रमाने एकमेकींत मिसळत गेल्या, आणि दोषस्थानाचा प्रश्न ह्या मिसळण्यातून उद्भवलेला आहे.

इन्टेल कंपनीची ४००४ ही चिप नोव्हेंबर १९७१ मध्ये प्रसिद्ध झाली. तिच्या जन्मकथेतच दोषशोधाचा एक प्रसंग आहे. डिसेंबर १९७० च्या अखेरीस ह्या चिपच्या पहिल्या चकत्या हाती आल्या तेव्हा फेडेरिको फाजिन ह्यांस त्यांपैकी एकही चिप चालताना दिसली नाही. सूक्ष्मदर्शकाखाली पाहता कळून आले की निर्मितीच्या क्रमातील एक मुखवटाच, ज्यायोगे आतील थरांचे परस्परांशी संधान व्हावयाचे तो, वापरावयाचा राहून गेला होता. आखणीत चूक नव्हती. जानेवारी १९७१ मध्ये नव्या चकत्या आल्या आणि चिप चालली. येथे दोष आज्ञावलीच्या कितीतरी खाली, सिलिकॉनच्या थरांत होता, आणि तो तेथे आहे हे डोळ्यांनी दिसू शकले. पुढील काळात ही सोय क्वचितच लाभली.

४००४ मध्ये आज्ञावली साठवण्यास जागा नव्हती. ती ४००१ ह्या सोबतच्या चिपमध्ये, कारखान्यातच, मुखवट्याच्या साहाय्याने कोरली जाई. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्स कंपनीच्या १९७४ मधील टीएमएस १००० मालिकेत प्रक्रियक व स्मृती एकाच चिपमध्ये आल्या. १,०२४ आज्ञांचा हा संग्रहही कारखान्यातच कायमचा कोरलेला असे. अशा व्यवस्थेत आज्ञावलीतील चूक म्हणजे नवा मुखवटा, नवा खर्च आणि आठवड्यांची खोटी. परंतु तिचा एक गुण विसरता कामा नये. कोरलेली चिप बोर्डावर चालेनाशी झाली तर ‘आज्ञावली नीट उतरली नसेल’ अशी शंका घेण्यास जागाच नसे. एका खेपेतील सर्व चिपांत तीच आज्ञावली असे. म्हणून शंभरांतील एकच बोर्ड रुसला तर दोष त्या बोर्डाचा किंवा त्या एका चिपचा, आणि शंभरही रुसले तर दोष आखणीचा किंवा आज्ञावलीचा. संख्येनेच निवाडा होई.

पुसून पुन्हा लिहिता येणारी स्मृती ह्या व्यवस्थेस धक्का देणारी ठरली, आणि तिचा जन्मही दोषशोधातूनच झाला, हे विशेष होय. डोव्ह फ्रोमन हे इन्टेलमध्ये आरंभीच्या एका स्मृतिचिपमधील बिघाडाचे कारण शोधीत होते. ज्याच्या विद्युत्भारावर ट्रान्झिस्टरचे उघडणे-मिटणे अवलंबून असते त्या ‘द्वारा’ची जोड तुटली की ते द्वार अधांतरी राहते व त्यावर विद्युत्भार साचतो, हे त्या बिघाडाच्या अभ्यासात ध्यानात आले. जो भार चुकून साचतो तो हेतुतः साचविता आला तर? सर्व बाजूंनी निरोधक वेष्टण असलेल्या अशा अधांतरी द्वारावरील भार वर्षानुवर्षे टिकतो. म्हणजे ती स्मृती झाली. अतिनील किरणांनी तो भार निघून जातो. म्हणजे ती पुसता येते. १९७१ मध्ये फ्रोमन ह्यांनी हा शोध जाहीर केला, आणि २,०४८ बिटांची १७०२ ही चिप बाजारात आली. पुढे १९७६ मध्ये इन्टेलने ८०४८ हा सूक्ष्मनियंत्रक काढला तेव्हा त्याचे ८७४८ हे भावंड ह्याच तत्त्वावरील १,०२४ अक्षरांची स्मृती पोटात घेऊन आले. १९८० मधील ८०५१ आणि त्याचे ८७५१ हे भावंड ह्यांचा संबंध तोच.

ह्या चिपांच्या माथ्यावर क्वार्ट्झची लहानशी खिडकी असे. साधी काच अतिनील किरण अडविते, म्हणून क्वार्ट्झ. २५३.७ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दिव्याखाली चिप १५ ते २० मिनिटे ठेवली की ती कोरी होई. २७१६ ह्या प्रचलित स्मृतिचिपमध्ये कोरेपणाची खूण म्हणजे सर्व बिट १. लेखन म्हणजे त्यांतील निवडक बिट ० करणे; ० चा पुन्हा १ करावयाचा तर पुन्हा दिवाच. उत्पादकांच्या माहितीपत्रकांत अशीही सूचना असे की थेट सूर्यप्रकाशात सुमारे एका आठवड्यात आणि खोलीतील नळीदिव्यांच्या उजेडात सुमारे ३ वर्षांत चिप आपोआप पुसली जाऊ शकेल. त्यामुळे लेखनानंतर खिडकीवर अपारदर्शक चिठ्ठी चिकटविण्याची प्रथा पडली. चिठ्ठीवर आज्ञावलीची आवृत्ती लिहिली जाई, हा तिचा दुसरा उपयोग. आणि जुन्या आवृत्तीची चिठ्ठी नव्या आज्ञावलीवर तशीच राहून गेल्याने झालेले घोटाळे हा तिसरा परिणाम म्हणावा लागेल.

ह्या काळातील लेखनदोष प्रायः विद्युत्दाबाचे होते. २७१६ व २७३२ ह्या चिपांस लेखनासाठी २५ व्होल्ट लागत. २७३२ए आली ती २१ व्होल्टांची. नावात एका अक्षराचा फरक. पण २५ व्होल्टांची सवय असलेल्या यंत्रात तो न पाहता ती घातली तर चिप कायमची जाई. २७६४ ला २१, २७६४ए ला १२.५. लेखनाची रीतही पालटली. २७१६ मध्ये प्रत्येक अक्षरास ५० मिलिसेकंदांचा एक ठोक स्पंद देत. २,०४८ अक्षरांस त्यामुळे सुमारे १०० सेकंद लागत. पुढील चिपांत १ मिलिसेकंदाचे लहान स्पंद देऊन प्रत्येक स्पंदानंतर अक्षर वाचून पाहावयाचे, ते उमटले की आणखी थोडा वेळ स्पंद देऊन पक्के करावयाचे, अशी पद्धत आली. वरवर पाहता हा वेगाचा उपाय. परंतु पडताळणी लेखनाच्या पोटातच आल्यामुळे कोणत्या पत्त्यावरील अक्षर उमटले नाही हे यंत्रास सांगता येऊ लागले. दोषाचा पत्ता, तो शब्दशः, प्रथमच हाती आला.

चिपांच्या ओळख-अक्षरांचा उगमही ह्याच विद्युत्दाबाच्या गोंधळात आहे. ए९ ह्या पत्त्याच्या पिनेवर सुमारे १२ व्होल्ट दिले असता चिप आपल्या उत्पादकाचा व जातीचा सांकेतिक अंक बाहेर देऊ लागली. इन्टेलचा अंक ८९, अॅटमेलचा १ई. हे अंक षोडशमान पद्धतीचे होत. योग्य दाब व योग्य रीत यंत्राने आपण होऊन निवडावी, हा हेतू माहितीपत्रकांत स्पष्ट नमूद आहे. म्हणजे ‘तू कोण?’ हा प्रश्न आरंभी चिपच्या रक्षणासाठी होता. चिप जिवंत आहे की नाही हे पाहण्यासाठी नव्हता. त्याचे आजचे कार्य त्यास नंतर चिकटलेले आहे.

खिडकीवाल्या चिपांच्या काळाची मोठी सोय मात्र निराळीच होती. ती म्हणजे सॉकेट. चिप यंत्रात लिहावयाची, काढावयाची, बोर्डावरील सॉकेटात दाबावयाची. चालली नाही तर तीच चिप दुसऱ्या बोर्डावर घालून पाहावी. तेथे चालली तर पहिला बोर्ड सदोष. चालणारी चिप संशयित बोर्डावर घालावी. चालली तर पहिली चिप सदोष. दोन अदलाबदलींत निवाडा. ह्या येरझाऱ्यांत पाय वाकत, सॉकेटांचे स्पर्श झिजत, चिप उलटी बसे आणि तापे. तक्रारी पुष्कळ होत्या. तरीही सॉकेट हे नुसते बैठकीचे साधन नसून दोषशोधाचे उपकरण होते, आणि ते गेल्यावरच त्याची किंमत कळली.

बोर्डावरील दोष शोधण्यासाठी ह्याच सुमारास दोन खास उपकरणे आली. इन्टेलचे १९७५ मधील आयसीई-८० हे पहिले. त्याची तार प्रक्रियकाच्या सॉकेटात बसवावयाची; मग खऱ्या चिपऐवजी उपकरणच चिप असल्याचे सोंग घेई, आणि प्रत्येक आज्ञेवर थांबून आत काय चालले आहे ते पाहता येई. त्याचा दोष असा की सोंग कधीकधी मुळाहून सशक्त निघे. उपकरण स्वतःचा क्लॉक आणि स्वतःची सशक्त चालकमंडले पुरवी. त्यामुळे बोर्ड त्याच्यासह नीट चाले आणि खरी चिप घालताच बंद पडे. अनुभवी मंडळी ह्यासही पुरावाच मानीत: क्लॉक किंवा एखादा दुबळा संकेत तपासावा.

दुसरे उपकरण म्हणजे ह्यूलेट-पॅकार्डचा १९७७ मधील ५००४ए हा सही-विश्लेषक. बोर्डाच्या एखाद्या बिंदूवर ठराविक काळात वाहणाऱ्या बिटांची संपूर्ण मालिका तो १६ बिटांच्या नोंदवहीत घुसळून चार अक्षरांची एक ‘सही’ काढी. चांगल्या बोर्डाच्या प्रत्येक बिंदूची सही दुरुस्तीपुस्तकात छापलेली असे. कारागिराने ती ताडून पाहावयाची, आणि जेथे ती प्रथम बिघडते तेथे थांबावयाचे. अंकपट्टीवर वाचताना घोटाळा होऊ नये म्हणून ० ते ९ नंतर ए, सी, एफ, एच, पी, यू अशी निवडक अक्षरे घेतली होती. कारागिरास आज्ञावली समजण्याची गरज नव्हती. परंतु अशा तपासणीची सोय बोर्ड आखतानाच करावी लागे, ही अट महत्त्वाची आहे.

१९८० च्या दशकात चिपांचे पाय बोर्डाच्या पृष्ठभागावरच डाखले जाऊ लागले, पायांतील अंतर घटले, बोर्ड अनेक थरांचे झाले. सॉकेट गेले, तपासणीची सुई टेकविण्यास जागा उरेना. ह्या अडचणीतून १९८५ मध्ये जॉइंट टेस्ट अॅक्शन ग्रुप हा कंपन्यांचा गट उभा राहिला, आणि त्याच्या कार्यातून १९९० मध्ये आयईईई ११४९.१ हे प्रमाण आले. गटाच्या आद्याक्षरांवरून ते जेटॅग म्हणून ओळखले जाते. चार तारांवरून चिपच्या कडेच्या सर्व पिनांची स्थिती एका रांगेत बाहेर काढावयाची, हे त्याचे सार. त्याचे मूळ प्रयोजन सांध्यांची परीक्षा हे होते. आज्ञालेखन व आज्ञावलीचे निरीक्षण ही कामे त्याच तारांवर पुढे आली.

आज्ञालेखनाच्या बाबतीत निर्णायक वर्ष १९९३ मानावे लागेल. त्या वर्षी मायक्रोचिप कंपनीचा पीआयसी१६सी८४ आला. त्याची स्मृती विजेनेच पुसली जाई, आणि बोर्डावर असतानाच दोन तारा व रीसेटच्या पिनेवरील सुमारे १३ व्होल्ट एवढ्यावर ती लिहिता येई. त्याच वर्षी अॅटमेलने ८०५१ घराण्यातील ८९सी५१ हा फ्लॅश स्मृतीचा सूक्ष्मनियंत्रक काढला. पाठोपाठ अॅटमेलचे एव्हीआर घराणे आले. त्याची मूळ कल्पना नॉर्वेतील ट्रॉन्डहाइम येथे आल्फ-एगिल बोगेन व वेगार्ड वोलान ह्या विद्यार्थ्यांची. ह्यांत लेखनासाठी वेगळा उच्च दाबही नको. रीसेट खाली धरावयाची आणि तीन तारांवरून अक्षरे सारावयाची. दिवा गेला, खिडकी गेली, १५ मिनिटे गेली.

दोषस्थानाचा प्रश्न मात्र येथेच नव्याने उभा राहिला. पूर्वी लेखन होई ते यंत्राच्या सॉकेटात, म्हणजे उत्पादकाने पारखलेल्या मंडलात. आता ते होऊ लागले आखणाऱ्याच्या स्वतःच्या, अद्याप न पारखलेल्या बोर्डात. लेखनयंत्राचे अर्धे अंग आता बोर्डावर गेले होते, आणि त्या अर्ध्याची जबाबदारी बोर्ड आखणाऱ्यावर.

एव्हीआरमधील संवादाचा क्रम पाहिला असता हे स्पष्ट होते. वीज दिल्यावर किमान २० मिलिसेकंद थांबून यंत्र एसी, ५३ ही अक्षरे पाठविते. तिसरे अक्षर जात असताना चिपने ५३ परत द्यावयाचे असते. ते आले नाही तर रीसेटला एक झटका देऊन पुन्हा प्रयत्न करावा, असे माहितीपत्रक सांगते. ५३ परत आले तर पुढे ओळख: एटीमेगा३२८पी असल्यास १ई, ९५, ०एफ. सर्वत्र शून्ये आली तर परतीची तार बहुधा खाली खेचलेली असते. सर्वत्र एफएफ आले तर ती वर खेचलेली अथवा अधांतरी असते. बदलती, विस्कळीत अक्षरे आली तर तार जोडलेली आहे पण ताल चुकतो आहे. म्हणजे निरर्थक वाटणाऱ्या उत्तरांतही श्रेणी आहेत, आणि त्या न वाचता चिप बदलीत सुटणे हे सॉकेटाच्या काळाचे उरलेले वळण होय.

ताल चुकण्याचे कारण विशेष शिकविण्याजोगे आहे. यंत्राच्या स्पंदांची गती चिपच्या क्लॉकच्या चतुर्थांशाहून कमी असावी लागते. एटीमेगा३२८पी कारखान्यातून निघते तेव्हा तिचा आतील ८ मेगाहर्ट्झचा क्लॉक आठाने भागलेला, म्हणजे १ मेगाहर्ट्झ असतो. यंत्राने २५० किलोहर्ट्झच्या खाली बोलले पाहिजे. बोर्डावर १६ मेगाहर्ट्झचा स्फटिक दिमाखाने बसलेला असतो, परंतु फ्यूज पालटेपर्यंत चिप त्याच्याकडे पाहतही नाही. फ्यूज ही येथे वितळणारी तार नसून स्मृतीतील काही खास बिट होत, आणि त्यांत ० म्हणजे ‘लागू’, १ म्हणजे ‘लागू नाही’. हा उलटा संकेत कोऱ्या स्मृतीत सर्व बिट १ असण्याच्या जुन्या परंपरेतून येतो. तो ध्यानी न घेता बाहेरील स्फटिकाचा फ्यूज लावला आणि बोर्डावर स्फटिकच नसला तर चिप मुकी होते. कारण क्लॉकवाचून तिला ऐकताही येत नाही. बाहेरून स्फटिकाच्या पिनेवर स्पंद पुरविले की ती पुन्हा बोलते. रीसेटची पिनच फ्यूजने काढून घेतली असेल तर मात्र तिच्यावर १२ व्होल्ट देण्याची जुनी वाट धरावी लागते. टाकून दिलेला उच्च दाब अशा रीतीने वैद्य म्हणून परत येतो.

तारांच्या चुकांतही इतिहास दडलेला असतो. एटीमेगा१२८ वर एमओएसआय व एमआयएसओ अशा नावांच्या पिना आहेत. बहुतेक भावंडांत लेखन त्यांवरूनच होते. ह्या चिपमध्ये मात्र ते पीई० व पीई१ ह्या, एरवी अनुक्रमी संदेशवहनाच्या, पिनांवरून होते. नावावर विश्वासून आखलेला बोर्ड अचूक दिसतो, तपासणीत उत्तीर्ण होतो आणि चिप ओळख देत नाही. त्याचप्रमाणे एटी९०एस८५१५ ची पिनरचना ८०५१ शी मुद्दाम जुळती ठेवली होती. पण ८०५१ ला रीसेट वर खेचून द्यावी लागते आणि एव्हीआरला खाली. जुन्या बोर्डावर नवी चिप बसली की ती कायमची रीसेटमध्ये.

भारतीय विद्यापीठांच्या अभ्यासक्रमात ८०५१ ने दीर्घकाळ स्थान राखले आहे, आणि मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेली ८९एस५२ महाराष्ट्रातील पुष्कळ विद्यार्थ्यांची पहिली चिप ठरली. तिच्या बाबतीतील एक दोष तर निव्वळ वंशपरंपरेचा आहे. ८०५१ घराण्यात स्मृती नसलेले ८०३१ हे भावंड होते. आज्ञा आतून घ्यावयाच्या की बाहेरून, हे ठरविण्यास ईए ही पिन ठेवलेली होती. आज्ञावली पोटात असलेल्या ८९एस५२ वरही ती पिन तशीच आहे. ती पाच व्होल्टांस जोडण्याचे राहिले तर लेखन होते, पडताळणी अक्षरशः बरोबर निघते, आणि चिप आज्ञा शोधण्यास अस्तित्वात नसलेल्या बाहेरील स्मृतीकडे जाते. येथे आज्ञावलीच्या ओळी पुनःपुन्हा तपासण्यात रात्री गेल्या तरी फळ नाही.

‘लेखन बरोबर, वर्तन चूक’ ह्या वर्गात पुढील काळाने भर घातली. एटीमेगा१६ व ३२ मध्ये जेटॅग जन्मतः लागू असते, म्हणून सी बंदराच्या चार पिना आज्ञावलीस जुमानीत नाहीत. एसटीएम३२ घराण्यात बूट० ही पिन अधांतरी ठेवली तर चिप कधी आपल्या आज्ञावलीने तर कधी कारखान्याच्या आरंभ-आज्ञावलीने उठते. आज्ञावलीनेच निरीक्षणाच्या दोन पिना दुसऱ्या कामास लावल्या तर यंत्रास चिप दिसेनाशी होते. मग रीसेट दाबून धरून, आज्ञावली सुरू होण्यापूर्वीच चिपला गाठावे लागते.

ओळख-अक्षरांचे अलीकडील भवितव्यही नोंदण्याजोगे आहे. एटीमेगा३२८ व ३२८पी ह्या चिपांत आज्ञावलीच्या दृष्टीने फरक जवळजवळ नाही. ओळखीचे शेवटचे अक्षर मात्र पहिलीत १४ व दुसरीत ०एफ. एव्हीआरड्यूड ह्या प्रचलित लेखन-आज्ञावलीने त्यामुळे नकार दिला की कित्येक जण एफ हा विकल्प देऊन ओळख डावलण्यास तिला भाग पाडतात, किंवा तिच्या संरचना-सूचीतील अक्षरच पालटतात. ह्या जोडीत त्याने बिघडत नाही. मात्र तोच विकल्प सवयीने तीन शून्यांच्या उत्तरावरही दिला जातो. तेव्हा यंत्र निमूटपणे संपूर्ण आज्ञावली न जोडलेल्या तारेत पाठविते, आणि पडताळणीत पहिल्याच पत्त्यावर अक्षर जुळत नसल्याचे कळविते. संदेश आता लेखनदोषाचा असतो. सुटलेला सांधा जेथे होता तेथेच असतो.